मुकादमाच्या श्वासांची वही

कंपाउंडरांना नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. ज्या डॉक्टरांकडे त्यांनी एकेचाळीस वर्षं औषधं बांधली ते डॉक्टर गेले, दवाखान्याला कुलूप लागलं, पुढं त्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं. पण गल्लीच्या लेखी हे कंपाउंडर ते कंपाउंडरच. डॉक्टरांचं अक्षर दोघांनाच लागतं, एक देवाला आणि एक कंपाउंडरला, असं पेशंट म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, देवाचं मला माहीत नाही, मला स्वतःला मात्र लागत नाही.

त्या काळी बरीचशी औषधं दवाखान्यातच तयार व्हायची. संगमरवरी फरशीच्या तुकड्यावर पातळ सुरीनं पावडरीचे भाग पाडायचे, एकेका भागाची कागदात पुडी बांधायची, आणि पातळ औषधाच्या बाटलीवर कडेला खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. कंपाउंडरांच्या खाचा इतक्या सारख्या असत की एकदा एका इंजिनियर पेशंटनं त्या फूटपट्टी लावून मोजल्या आणि मग गुपचूप बाटली पिशवीत टाकून निघून गेला. तसा कंपाउंडर माणूस साधा, पण या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे. "एकेचाळीस वर्षांत माझ्या खिडकीतून चुकीचा डोस बाहेर गेला नाही," हे वाक्य चहाला आलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं होतं, काहींनी तर एकाच चहात दोनदा. याच्या जोडीला त्यांचं आणखी एक वाक्य असे. "वहीत काय दिलं ते लिहायचं. काय द्यायला हवं होतं ते नाही."

हे दुसरं वाक्य ध्यानात ठेवलेलं बरं. कारण पुढं जे झालं ते कंपाउंडरांनी हेच वाक्य मोडलं म्हणून झालं.

घरात तीन जीव होते. कंपाउंडर, त्यांची सून आणि मुकादम. कंपाउंडरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला, कामावरून परत येताना, रस्त्यात, घरापासून दहा मिनिटांवर. मुकादम हा त्यानं आणलेला बोका. एका संध्याकाळी त्यानं डब्याची पिशवी टेबलावर ठेवली आणि पिशवी चालायला लागली. आतून निघालं ते राखाडी रंगाचं, मोठ्या डोक्याचं, भलतंच गंभीर पिल्लू. कोणी भांडी घासत असो, कपडे वाळत घालत असो, हे समोर बसून देखरेख करणार. स्वतः काडी इकडची तिकडे करायचं नाही, पण कामगारांवरून नजर हटवायची नाही. "हा तर मुकादम आहे," मुलगा म्हणाला, आणि तेच नाव पडलं.

मुलगा गेल्यावर सून माहेरी जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. ती एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायचं काम करायची. संध्याकाळी घरी आली की मनगटांवर बारीक पांढरी पूड असायची. दर रविवारी तिच्या आईचा फोन यायचा. फोन स्वयंपाकघरात चालायचा आणि कंपाउंडर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसायचे.

"किती दिवस राहणारेस तिथं?" आई विचारत असणार, कारण सुनेचं उत्तर ठरलेलं असायचं. "अगं, मुकादम आहे ना इथं. त्याला दुसरं घर नाही सोसायचं."

मुकादम आहे. बाबा आहेत, असं ती कधी म्हणाली नाही. कंपाउंडरांना याचं वाईट वाटायचं आणि वाईट वाटतं म्हणून स्वतःचा रागही यायचा. सासरा-सुनेचं भांडण कसलंच नव्हतं. दोघं एकमेकांशी सभ्यपणे, जपून वागायची, आणि मुलाचा विषय निघेल अशी कुठलीही गोष्ट बोलायचं टाळायची. तीन वर्षांत टाळायच्या गोष्टी इतक्या वाढल्या की बोलायला फक्त बोका उरला. मुकादमानं आज काय खाल्लं, कुठं झोपला, कोणावर डाफरला. त्या बोक्याच्या आडोशानं दोघं एका घरात राहात होती.

असा तो मुकादम एका सकाळी टेबलाखाली पुढचे पाय फाकवून, मान लांब करून बसलेला दिसला. तोंड उघडं होतं आणि बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. मांजर तोंडानं श्वास घेत नाही एवढं कंपाउंडरांना ठाऊक होतं. त्यांनी सुनेला हाक मारली. सुनेनं दुकानात कळवलं, पिंजरा काढला, आणि दोघं धावत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, बोलणं भरभर, पण हात शांत. मुकादमाला आधी प्राणवायूच्या पेटीत ठेवलं, फुप्फुसात साचलेलं पाणी उतरायला इंजेक्शन दिलं, आणि दुपारी तो जरा सावरल्यावर मशीन लावून त्याचं हृदय दोघांना पडद्यावर दाखवलं.

"या भिंती बघा. किती जाड झाल्यात. हृदयाच्या स्नायूचा आजार आहे हा. भिंत आतल्या बाजूला वाढली की आतली खोली लहान होते. रक्त मावत नाही, मागं तुंबतं, मग पाणी छातीत उतरतं. आणि रक्त तुंबलं की गुठळी व्हायची भीती."

"बरा होईल ना?" सुनेनं विचारलं.

"बरा नाही होणार. पण औषधांवर राहील. महिने, कदाचित वर्षं. काळजी घ्यावी लागेल, घड्याळ लावून."

औषधं दोन. पाणी काढायची गोळी, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दुसरी, पाव गोळी, रोज संध्याकाळी. ही दुसरी इतकी कडू की मांजराच्या जिभेला लागली तर तोंडाला फेस येतो, म्हणून रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून द्यायची. आणि तिसरं काम गोळ्यांहून मोठं. मांजर गाढ झोपलेलं असताना त्याचे श्वास मोजायचे. बरगडी वर गेली, खाली आली, की एक. पूर्ण मिनिट. आकडा रोज वहीत. तीसच्या खाली असला तर छाती कोरडी, वर गेला तर पाणी भरतंय.

"मोजणार कोण? दिवसा झोपतो ना तो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी," कंपाउंडर म्हणाले. "एकेचाळीस वर्षं कंपाउंडर होतो."

घरी आल्यावर त्यांनी कपाटाच्या तळातून जुनी पत्र्याची पेटी ओढली. संगमरवरी तुकडा, पातळ सुरी, चिमटा, सगळं जाग्यावर होतं. गोळीचे पाव भाग त्यांनी असे पाडले की चारातला कुठला कुठला हे ओळखू येऊ नये. दुःखात आनंद मानू नये म्हणतात, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांच्या हातांना बरं वाटलं. रिकामपणानं बावरलेले हात पुन्हा कामाला लागले. सकाळची गोळी सून कामावर जाताना उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यात घालून द्यायची. संध्याकाळची दोन्ही औषधं कंपाउंडर द्यायचे. दुपारी तीन वाजता मुकादम खिडकीजवळच्या उशीवर आडवा व्हायचा आणि कंपाउंडर स्टूल ओढून, मनगटावरचं घड्याळ काढून, त्याच्या कुशीवर डोळे लावून बसायचे. चोवीस. बावीस. तेवीस. संध्याकाळी सून चपला काढायच्या आधी विचारायची, "किती?" आणि ते सांगायचे. तीन वर्षांत तिनं इतक्या ओढीनं त्यांना काही विचारलं नव्हतं.

मुकादम सावरला. पुन्हा भांड्यांवर देखरेख करू लागला. उशीचा कोपरा कुरतडला तेव्हा सून कितीतरी दिवसांनी हसली.

मग एक दिवस ती आली ती आकडा न विचारताच टेबलाशी बसली.

"बाबा, आमची नवीन शाखा निघतीय. दुसऱ्या शहरात. मागच्या खोलीची सगळी जबाबदारी मला देतायत. दोन माणसं हाताखाली. दोन महिन्यांनी जायचंय."

"चांगलंय की," कंपाउंडर म्हणाले.

"मुकादमला नेईन. डॉक्टरांशी बोलले. त्या म्हणाल्या, सलग महिनाभर श्वास तीसच्या खाली राहिले पाहिजेत, तरच प्रवास करा. नाहीतर तो वाटेत दगावेल."

"बरोबर आहे."

"आईनं तिथं एक खोली बघितलीय. छोटीच आहे." ती बोटांवरची पूड चोळत राहिली. "तुम्ही याल ना अधूनमधून?"

"येईन की. न यायला काय झालं?"

बोलणं तिथंच संपलं. तिला आणखी काही म्हणायचं होतं का, आणि असलं तर काय, हे कंपाउंडरांनी विचारलं नाही. त्यांनाही म्हणायचं होतं. ते उठून मुकादमाची वाटी धुवायला गेले. वाटी स्वच्छच होती.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. ही जाणार. बोकाही जाणार. मग दुपारी तीन वाजता या खोलीत काय असेल? खिडकी, स्टूल आणि उशीतला खळगा. मुलगा गेला तेव्हा माणसं होती, रडणं होतं, सून होती. आता रडायलाही दुसरं कोणी नसेल. माणूस सत्तरीला आला की एकटेपणाची सवय होते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दुपारी तीन वाजता एकट्यानं बसून बघावं.

महिन्याचे अठरा दिवस नीट गेले. एकोणिसाव्या दुपारी कंपाउंडरांनी मोजलं, तेवीस. पुन्हा मोजलं, तेवीस. मुकादम झोपेत मिशा हलवत होता, चांगला धडधाकट दिसत होता. त्यांनी वही उघडली, तारीख लिहिली आणि तारखेपुढं लिहिलं, ३३.

लिहून ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. खोडावं असं वाटलं. खोडाखोड केलेली नोंद त्यांना आयुष्यात आवडली नव्हती. दिवस एकच तर आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. महिना पुन्हा पहिल्यापासून मोजला जाईल, तेवढीच ती थांबेल. बोक्याला काय होणारे त्यानं? आकडा वहीत आहे, त्याच्या छातीत थोडाच आहे?

"किती?" संध्याकाळी सुनेनं विचारलं.

"तेहतीस."

तिचा चेहरा पडला. चपला हातात घेऊनच ती उशीपाशी गेली. मुकादम जागा होऊन तिच्या मनगटाची पूड चाटत होता. "आज काय झालं रे तुला," ती म्हणाली. कंपाउंडरांनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी चौतीस लिहिले. मग बत्तीस, मग पस्तीस. लबाडीतही माणूस इतका शिस्तीचा की आकडे खऱ्यासारखे वरखाली ठेवले. चौथ्या दिवशी सुनेनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी आधी घेऊन या म्हटलं, मग विचार केला. मागच्या वेळी पिंजऱ्यात घालून आणताना तो फार घाबरला होता. "मोजतंय कोण? काकाच ना? मग आकड्याची शंका नको. पाणी काढायची गोळी वाढवा. सकाळी पूर्ण, संध्याकाळी पूर्ण. दहा-पंधरा दिवसांनी रक्त तपासू."

सुनेनं दुकानात सांगून आणखी एक महिना मागून घेतला. तो मिळाला. म्हणजे कंपाउंडरांना हवं होतं ते मिळालं.

आता खरं सांगायची वेळ होती, आणि कंपाउंडर मूग गिळून बसले. त्यांना काही समजत नव्हतं असं नाही. त्या गल्लीत त्यांच्याइतकं कोणालाच समजत नव्हतं. ती गोळी छातीत पाणी असलं तर छातीतलं काढते, नसलं तर अंगातलं काढते. म्हणून संध्याकाळी ते अर्धीच गोळी द्यायचे आणि उरलेली अर्धी सदऱ्याच्या खिशात टाकायचे. पण सकाळची पूर्ण गोळी सून स्वतःच्या हातानं, डोळ्यांत तेल घालून द्यायची, आणि ते समोर बसून चहा प्यायचे. ते पाण्याच्या वाट्या वाढवत गेले. एक खिडकीशी, एक टेबलाखाली, एक दाराजवळ. उद्या सांगू. आकडा हळूहळू उतरवू. या आठवड्यात नक्की. असं करत आणखी अकरा दिवस गेले आणि सदऱ्याच्या खिशात गोळ्यांचा पांढरा चुरा साठला.

मुकादम पाणी प्यायचा, पुन्हा प्यायचा. मग खायचं कमी केलं. मग एक दिवस वाटीवर मान टाकून नुसता बसून राहिला. पाठीवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं तर ते तसंच उभं राहिलं. कंपाउंडरांनी पुन्हा धरून बघितलं आणि सुनेला पिंजरा काढायला सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नळी लावून छाती ऐकली. बराच वेळ ऐकली. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं. मग रक्ताचा कागद आला तो वाचला, आणि पुन्हा ऐकली.

"छाती कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "एकदम स्वच्छ. आणि अंगात पाण्याचा थेंब नाही. मूत्रपिंडं बसत चाललीयत. मला हे कळतच नाहीये. श्वास खरंच तेहतीस-पस्तीस होते? झोपेतच मोजले ना?"

सुनेनं वही पुढं केली. "आकडा चुकणार नाही, डॉक्टर. बाबांनी मोजलेत. एकेचाळीस वर्षांत त्यांच्या हातून चुकीचा डोस गेला नाही."

ती हे सहज म्हणाली. खात्रीनं म्हणाली. आपलं वाक्य तिच्या तोंडून कंपाउंडरांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"आकडा चुकला नाही," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. "आकडा चुकला नाही. मी खोटा लिहिला."

मुकादमाची नखं टेबलावर वाजली.

डॉक्टरीणबाईंनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी पेन उचललं. "खरे आठवतात?"

"सगळे."

आणि कंपाउंडरांनी सांगितले. तारखेसकट. तेवीस, चोवीस, बावीस, तेवीस, पंचवीस, तेवीस. पंधराच्या पंधरा. संध्याकाळी आपण अर्धीच देत होतो हेही सांगितलं आणि खिशातून चुऱ्याची चिमूट काढून टेबलावर ठेवली, जणू त्यानं काही कमी होणार होतं. सून भिंतीवरच्या चित्राकडे बघत उभी होती. मांजराच्या आतल्या अवयवांचं रंगीत चित्र होतं ते. शेवटचा आकडा संपेपर्यंत तिनं मान वळवली नाही.

"मी पण रक्त आधी तपासायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याची मूत्रपिंडं मुळातच नाजूक असतील. आता अडचण अशी आहे, काका, मूत्रपिंडांना पाणी हवंय आणि हृदयाला पाणी सोसणार नाही. थोडंथोडं देऊन बघते."

त्यांनी दोन दिवस थोडंथोडं दिलं. तिसऱ्या दिवशी श्वास खरोखरच तीसच्या वर गेले.

घरी आणल्यावर मोजायचं काम सुनेनं स्वतःकडे घेतलं. तिनं सुट्टी टाकली होती. ती उशीपाशी जमिनीवर बसायची आणि कंपाउंडर स्टुलावर वही घेऊन. त्या दिवसांत ती त्यांच्याशी आकड्यांशिवाय एक अक्षर बोलली नाही.

"छत्तीस."

ते लिहायचे.

"एक्केचाळीस."

ते लिहायचे. तिनं एकदा तरी ओरडावं, वही फेकावी, निदान कारण विचारावं असं त्यांना फार वाटायचं. पण तिला कारण ठाऊकच होतं, आणि ते तिला ठाऊक आहे हीच खरी शिक्षा होती. मुकादम मधूनच डोळे उघडून दोघांकडे बघायचा, नेहमीच्या गंभीरपणानं, कामं नीट चाललीयत ना हे बघितल्यासारखं. मग डोळे मिटायचा.

चौथ्या दिवशी त्याला उठता येईना. श्वास अठ्ठावन्न. सुनेनं फोन केला आणि दुपारी चारच्या सुमाराला डॉक्टरीणबाई घरीच आल्या. आता त्रास वाढवण्यात अर्थ नाही, असं त्यांनी सांगितलं. सुनेनं मान हलवली. मग कंपाउंडरांकडे बघितलं, परवानगी विचारल्यासारखं. त्यांनीही हलवली.

"पाय कोणीतरी धरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कंपाउंडर खाली बसले. गुडघे वाजले. इंजेक्शनला घाबरणारे हजारो हात त्यांनी धरले होते, पोरांचे, म्हाताऱ्यांचे. कसं धरायचं, शीर वर यावी म्हणून अंगठा कुठं दाबायचा, ते सांगावं लागलं नाही. मुकादमाचं डोकं सुनेच्या मांडीवर होतं. तिचा तळहात त्याच्या कुशीवर होता आणि ती हलक्या आवाजात मोजत होती. बेचाळीसपर्यंत गेली. मग आकड्यांमध्ये अंतर पडत गेलं. त्रेचाळीस. बऱ्याच वेळानं चव्वेचाळीस. त्यानंतर ती पुढच्या आकड्याची वाट बघत राहिली.

कंपाउंडर रडले. मुलगा गेला तेव्हा लोकांदेखत रडता आलं नव्हतं, तेही त्यात आलं असावं. सुनेनं मुकादमाला हळूच उशीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तिनं सामान बांधलं. सामान फार नव्हतंच. मुलाचे दोन शर्ट तिनं घेतले, दोन कंपाउंडरांच्या कपाटात ठेवले. जायच्या आदल्या संध्याकाळी ती वही घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"ते पंधरा आकडे दुरुस्त करून द्या. मला वही न्यायचीय, पण अशी नाही."

त्यांनी चष्मा लावला. दवाखान्यात दुरुस्तीची पद्धत होती: चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि शेजारी सही करायची. त्यांनी पंधरा रेघा मारल्या, पंधरा आकडे लिहिले, पंधरा सह्या केल्या. ती बघत होती.

"तुम्ही मला नुसतं 'जाऊ नको' का नाही म्हणालात?"

"म्हणालो असतो तर थांबली असतीस?"

"नाही," ती म्हणाली. "भांडले असते. रडले असते. आणि गेले असते." तिनं वही मिटली. "पण मुकादमला इथं ठेवून गेले असते. तुमच्याजवळ. दोन दिवस हेच चाललं होतं माझ्या डोक्यात तेव्हा. तुम्ही एकटे कसे राहाल म्हणून. पण तुम्ही 'चांगलंय की' म्हणालात, आणि मला वाटलं तुम्हाला चालेल."

कंपाउंडर चष्मा काढून काचा पुसत बसले. काचा तिनंच घासलेल्या होत्या.

सकाळी गाडी आली. बॅगा ठेवून ती परत दारात आली, काही राहिलं का ते बघायला. पाण्याच्या तिन्ही वाट्या अजून जागच्या जागी होत्या. कंपाउंडर भिंतीला हात टेकून उभे होते. ती थांबणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी मनात होतं ते एकदा तोंडावाटे बाहेर पडायला हवं होतं.

"जाऊ नकोस," ते म्हणाले.

"हो, बाबा," ती म्हणाली. "कळलं." आणि गेली.

दुपारी तीन वाजता त्यांनी सवयीनं स्टूल ओढलं. मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं, उशीकडे बघितलं, आणि परत बांधलं. संध्याकाळ झाली. त्यांनी दिवा लावला नाही, गॅस लावला नाही. सातच्या सुमाराला फोन वाजला. मागं मोकळ्या खोलीतला घुमणारा आवाज येत होता, सामान हलवल्याचा.

"पोचले," सून म्हणाली. आणि मग, "जेवलात?"

'हो' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. तीन वर्षं रोज तेच उत्तर ते देत आले होते, भूक असो नसो, तिला काळजी नको म्हणून. त्यांनी तो गिळला.

"नाही," कंपाउंडर म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

पलीकडे ती रडत होती बहुतेक. "मग उठा," ती म्हणाली. "दिवा लावा आधी. मी फोन ठेवत नाहीये."